उखाण्यात मिळालेली खोली

दुसरीचा वर्ग, सरकारी शाळा, सिल्वासा
१४ एप्रिल २०२०

चि. चिंधाभाऊजींस,
वहिनीचे अनेक आशीर्वाद, आणि तुमच्या मिशीला एक वेगळा. वि. वि.

वरचा पत्ता बघून चष्मा पुसू नका, बरोबर आहे तो. मी परत शाळेत आले. गावात चौथी पास झाले होते, इथं मला दुसरीत बसवलंय. डोक्यावर अननसाचं चित्र आणि उशाशी बेचा पाढा. फोन करत नाही कारण इथं चार्जिंगचं एकच बटण आहे आणि त्याला रेशनसारखी लाईन. शिवाय फोनवर तुम्ही मध्येच 'पण वहिनी' करता. पत्रात मला अडवणार कोण?

आता जरा ओट्यावर बसा आणि मग पुढचं वाचा. तुमचे दादा गेले तेव्हापासून मी लिहीत आले की कंपनीच्या मागं छान खोली आहे, वारा चांगला येतो. वारा येत होता हे खरं आहे. खोली नव्हती. ती कंपनीची होती, दादांबरोबर गेली. मी बस स्टँडमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये झोपायचे. दिवसभर कंपनीच्या गेटवर भाकरी-ठेचा विकायचा आणि रात्री टोपली उशाला घ्यायची. आधी सांगितलं असतं तर तुम्ही पहिल्या एस.टी.नं मला न्यायला आला असता, आणि मला यायचं नव्हतं. रागवायचं असेल तर पाणी पिऊन रागवा.

मार्चमध्ये सगळं बंद झालं. गेट बंद, मग भाकरी कोण घेणार? शेडमध्ये आम्ही पाचसहा जण नुसते एकमेकांची तोंडं बघत बसलो. मग एका सकाळी पालिकेचा टेम्पो आला. तोंडाला फडकं बांधलेली एक बाई उतरली आणि माझ्या कपाळाला पिस्तूल लावलं. मी हात वर केले आणि म्हटलं की बाई, मागच्या महिन्यात भाकरी दोन रुपयांनी वाढवली ती उद्यापासून कमी करते. तर ते ताप बघायचं यंत्र निघालं. ती शर्वरीबाई. पालिकेची, मूळची पुण्याची. दिसायला सुनेसारखी बारीक आणि बोलायला सासूसारखी कडक. तिनंच आम्हाला शाळेत आणलं. आंघोळीला गरम पाणी दिलं, नवीन सतरंजी दिली. जेवण दोन वेळा, पण डाळीत गूळ. गुजराती हाताची डाळ आहे, कोणाला बोलायचं?

माझ्या शेजारच्या सतरंजीवर रोहिणी आहे. नवापूरकडची पोर, यार्नच्या म्हणजे सुताच्या कंपनीत मशीनवर होती. नवऱ्यानं टाकलीय, माहेर राहिलं नाही. रात्री दचकून उठते म्हणून मी तिला चिडवत चिडवत झोपवते. बाहेर व्हरांड्यात पुरुष झोपतात. त्यातले नवनाथराव लारी म्हणजे हातगाडी ओढायचे, माल वाहायचे. नंदुरबारकडचे, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. दिवसाला चार शब्द बोलतात, त्यातले दोन 'हो' असतात.

माझी काळजी करू नका. शैलजाला सांगा की जाऊबाई मजेत आहे, तिला जरा वाईट वाटू दे.

आहे ती माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची वहिनी
तानूबाई


दहिवेल, ता. साक्री
५ मे २०२०

ती. वहिनींस,
चिंधाचा सा. न. वि. वि.

पत्र उशिरा पोचलं. पाणी पिऊन वाचलं तरी राग आला. गावात मी छाती काढून सांगायचो की आमची वहिनी एकटीच्या जिवावर सिल्वाशात खोली करून राहते. आता काय सांगू? आपल्या घरातली सून सरकारी शाळेत जमिनीवर झोपते आणि मी इथं खाटेवर, हे मला पचत नाही.

रस्ता उघडला की पास काढून मी मोटारसायकल घेऊन येतो. गावात आलं की आधी चौदा दिवस शाळेत राहावं लागतं, तसा ठराव झालाय. म्हणजे शाळा तुम्हाला सुटत नाही. मग घरी या. पडवीत शेळ्या असतात त्या दुसरीकडे बांधू, सारवून घेऊ. शैलजानं तसं कबूल केलंय. ती बोलायला तिखट आहे हे मला तुम्ही सांगायला नको, रोज खातो. पण तिनं स्वतःहून पडवीचं नाव काढलं हे लक्षात घ्या.

कांदा शेतातच आहे, गाडी मिळत नाही. बाकी ठीक. तोंडाला फडकं बांधत जा. थट्टा कमी करा, सरकारी माणसांना ती कळत नाही.

तुमची छाया आमच्यावर राहो.
आपला
चिंधा


दुसरीचा वर्ग, अजून नापास
३० मे २०२०

चि. भाऊजींस,
वहिनीकडून आशीर्वाद, पाठीवर हात फिरवून. वि. वि.

शेळ्यांना उगाच घराबाहेर काढू नका. आधीच इथं बेघर कमी आहेत का? शैलजाला सांगा की मनापासून बरं वाटलं. हे थट्टेनं लिहीत नाहीये. पण भाऊजी, मी येणार नाही. तुमच्या घरात मला कोणी काही म्हणणार नाही, तेच तर अवघड आहे. चहात साखर कमी पडली तरी मी गप्प बसेन, आणि गप्प बसलेली तानूबाई तुम्हाला बघवणार आहे का? मला माझी चूल पाहिजे. एवढीशी असली तरी चालेल, पण माझी. तिच्यावर भाकरी करपली तर मीच मला बोलेन.

आणि तशी वेळ आलीय. शर्वरीबाईनं सगळ्यांना बोलावून सांगितलं की शाळा काही कायमची नाही. इथल्या आमली भागात सरकारी इमारतींत खोल्या रिकाम्या आहेत, पावसाळ्यात त्या आम्हाला थोड्या भाड्यानं मिळतील. खोल्या थोड्या, म्हणून ज्यांचं कुटुंब आहे त्यांना. निदान दोन माणसं पाहिजेत. एकट्यांना रैनबसेऱ्यात, म्हणजे बेघरांच्या रात्रनिवाऱ्यात पलंग, एका हॉलमध्ये ओळीनं. रैनबसेरा वाईट नाही, पंखा आहे, संडास स्वच्छ आहे. पण तिथं चूल मांडायची नाही. मी एकटी, रोहिणी एकटी, म्हणजे आम्ही पलंगवाल्या. बघू. मी अजून हार मानली नाही, बाईच्या मागं लागलेय. सध्या शाळेतल्या सगळ्यांच्या भाकऱ्या माझ्याकडं आल्यात एवढं मिळवलं. गूळही हटला डाळीतून.

अक्षय्य तृतीयेची, आपल्या आखाजीची गंमत लिहायची राहिली. खानदेशातल्या आम्ही बऱ्याच जणी इथं, आखाजीला झोका नाही म्हणजे काय? शर्वरीबाईकडून मैदानातल्या निंबाला दोर बांधायची परवानगी काढली. तिची अट अशी की एका वेळी एकच जण, आणि प्रत्येकीनंतर दोर साबणानं पुसायचा. झोका कमी आणि धुणं जास्त. झोक्यावर बसेल तिनं नवऱ्याचं नाव घ्यायचं, नाहीतर खाली उतरू द्यायचं नाही. माझी पाळी आली तर सगळ्या गप्प. विधवेला कोण म्हणणार नाव घे? मला ते गप्प बसणं काही आवडलं नाही. समोर नवनाथराव टाकीवर बादली भरत होते. मी झोका उंच घेतला आणि ठणकावून घेतलं:

शाळेच्या टाकीला पाण्याची धार,
नवनाथरावांचं नाव घेते, लारीवर माझा संसार!

बायका आधी तोंडावर हात ठेवून बसल्या, मग अशा हसल्या की रोहिणी जमिनीवर लोळली. ती पोर हसलेली मी पहिल्यांदा बघितली. नवनाथरावांची बादली उतू गेली तरी नळ बंद करायचं भान नाही. तिथं एक गुजराती बाबू माणसं मोजत फिरत होता. त्यानं मला विचारलं की काकी, हे तुमचे घरवाळा का. मी रंगात होते. म्हटलं, तर काय, बघा कसे राबतात! तो मान हलवून पुढं गेला.

तुम्ही आता कपाळाला आठ्या घातल्या असतील. त्या सोडवा आणि मग झोपा.

जीव लावून ठेवा, जवळ असो नाहीतर लांब.
तानूबाई


सिल्वासा
२० जुलै २०२०

चि. भाऊजींस,
आशीर्वाद. वि. वि.

मागच्या पत्राचं उत्तर नाही. रागवला असाल तर आता आणखी रागवायला तयार व्हा.

काल खोल्यांच्या चाव्या दिल्या. मैदानात लांब लांब खुर्च्या, पालिकेचे मोठे साहेब आले होते. मी रैनबसेऱ्याच्या रांगेत रोहिणीजवळ उभी. भोंग्यावर नावं घेत होते आणि एकदम आलं, नवनाथ आणि तानूबाई, पती-पत्नी. मला वाटलं दुसरी कोणीतरी तानूबाई असेल. तेवढ्यात तोच बाबू धावत आला, माझा हात ओढत पुढं घेऊन गेला आणि साहेबांनी हसून चावी हातावर ठेवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि तीच यादी मग शाळेच्या फळ्यावर लागली. बाबूनं आखाजीला माझा उखाणा ऐकला होता ना. त्यांच्याकडं नाव घ्यायचा उखाणा नसतो. त्याला कसं कळावं की बाई सगळ्यांदेखत परक्या पुरुषाचं नाव थट्टेनं घेते? त्याची चूक नाही. चार लोकांत नाव मीच घेतलं, विचारल्यावर हो पण मीच म्हटलं.

भाऊजी, मी तिथंच बोलायला हवं होतं. माझं तोंड कधी बंद नसतं, आणि काल नेमकं बंद झालं. चावी हातात होती ना. मी खोली बघायला गेले. तळमजला, एक खोली, कोपऱ्यात मोरी, खिडकीखाली ओटा. ओट्यावर हात फिरवला आणि मनात म्हटलं की शेगडी इथं, डबे तिथं.

नवनाथराव मागं आले ते दाराबाहेरच थांबले. आत पाऊल टाकलं नाही. एरवी चार शब्द बोलणारा माणूस, काल सगळे एकदम बोलला. म्हणाले की तुम्ही राहा इथं, मी कोणाला काही सांगणार नाही, माझी लारी आहे, तिच्याखाली झोपायची मला सवय आहे. आणि निघाले. पायात चप्पल नव्हती.

त्यांचं नाव मी हसण्यासाठी उचललं, त्यांना विचारलं नव्हतं. आता ते परत रस्त्यावर जायला निघाले, का, तर माझा ओटा राहावा म्हणून. हे मला गिळवत नाही. मी त्यांना बोलावून परत शाळेत पाठवलं, दम देऊन. चावी माझ्या कमरेला आहे. उद्या सकाळी शर्वरीबाईकडे जाते आणि खरं काय ते सांगते. मग रैनबसेरा, नाहीतर तुमची पडवी. खोली नकोशी झालीय असं समजू नका. फार हवी आहे. पण अशी नको.

मनातून उतरवू नका.
वहिनी


दहिवेल
५ ऑगस्ट २०२०

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

आपल्या आळीतला संजू सिल्वाशाहून आला, चौदा दिवस शाळेत काढून परवा सुटला. त्यानं पारावर सगळ्यांसमोर सांगितलं की तानूबाईनं तिकडं दुसरं घर केलं, हमाल आहे, शाळेच्या फळ्यावर दोघांची नावं नवरा-बायको म्हणून लागलीत. तिकडून निघाला त्या दिवशी त्यानं डोळ्यांनी वाचलं. तुमचा उखाणा वाचून मी हसलो होतो, शैलजाला पण वाचून दाखवला होता. आता कळेना हसू कशाला.

वहिनी, खरं असेल तर मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं, संजूच्या नाही. मी आड येणार नाही. तुम्ही आयुष्य एकटीनं काढा असं म्हणणारा मी कोण? पण दादांच्या फोटोला रोज हार मी घालतो. त्यांना काय सांगू ते तेवढं लिहा.

गाड्या सुरू झाल्या की मी येणार आहे. अडवू नका.

तुमचा
चिंधा


आमली, सिल्वासा
१८ ऑगस्ट २०२०

चि. भाऊजींस,
वहिनीचे आशीर्वाद, आणि संजूला एक धपाटा. वि. वि.

तुमचं पत्र माझ्या पत्राला वाटेत भेटलं असेल, दोघांनी एकमेकांना ओळख दाखवली नाही. माझं वाचून तुम्हाला निम्मं कळलंच आहे. दादांच्या फोटोला सांगा की बायकोनं थट्टा केली आणि ती तिच्यावर उलटली. त्यांना नवल वाटायचं नाही. माझी थट्टा सगळ्यात जास्त त्यांनीच सोसली.

आता पुढचं ऐका. मी चावी घेऊन शर्वरीबाईसमोर उभी राहिले आणि आखाजीपासून सगळं सांगितलं, उखाण्यासकट. तिनं पेन खाली ठेवलं. तोंडाला फडकं होतं, पण डोळ्यांतून हसत होती ते कळत होतं. मग हसणं थांबवून म्हणाली की चावी परत घ्यावी लागेल. मी टेबलावर ठेवली. ठेवताना परत तो ओटा आठवला हे तुमच्यापासून काय लपवू? पण ठेवल्यावर जीभ मोकळी झाली. मी म्हटलं, बाई, नवरा नाही हे खरं, पण मी एकटी आहे हे कुठं खरं? मे महिन्यापासून माझ्या हातच्या भाकरीशिवाय रोहिणी जेवली नाही आणि तिनं मिरच्या कुटल्याशिवाय माझा ठेचा झाला नाही. आमच्या गावात दोन भाऊ वेगळे झाले का, हे विचारताना कोणी रक्त बघत नाही. चुली किती, ते विचारतात. जेवढ्या चुली तेवढी घरं. आमची चूल एक आहे, मग घर एक का नाही?

बाई म्हणाली की हे तिच्या हातात नाही, साहेबांना विचारावं लागेल. आणि तिनं विचारलं. नुसतं विचारलं नाही, साहेबांना शाळेत घेऊन आली. साहेब दिल्लीकडचे, मराठी येत नाही. मधे दुभाष्या म्हणून कोण, तर तोच बाबू! त्यानं माझी एवढी धास्ती घेतलीय की माझं प्रत्येक वाक्य साहेबांना सांगायच्या आधी मला तीनदा विचारायचा, काकी, मजाक तो नथी ने? शेवटी मी निंबाला हात लावून शपथ घेतली तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला.

साहेबांनी रोहिणीला विचारलं की या बाई तुझ्या कोण लागतात. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तर शर्वरीबाईनं मला डोळ्यांनी गप्प केलं. रोहिणी पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिली. मला वाटलं पोर रडते आता. तर ती म्हणाली की कोण लागतात माहीत नाही, पण रात्री मी उठले की त्या उठतात. बाबूनं ते साहेबांना सांगितलं तेव्हा मजाक का म्हणून विचारलं नाही.

आठवड्यानं हुकूम आला. एकट्या बायकांनी दोघी-तिघींनी मिळून एक चूल केली तर त्यांना पण खोली द्यायची. आमच्यामुळं आणखी चार खोल्या भरल्या, शाळेतली एकही बाई रैनबसेऱ्यात गेली नाही. आमची खोली आधी चावी मिळालेल्या खोलीच्या शेजारची. ओटा जरा लहान आहे, पण ऊन येतं. रोहिणीची कंपनी सुरू झाली, माझी टोपली पण. नवनाथराव रैनबसेऱ्यात आहेत. सकाळी लारी घेऊन येतात, टोपली गेटपर्यंत नेतात, दोन भाकऱ्या घेतात. मी त्यांची माफी मागितली तर म्हणाले, हो. एवढंच. अजून माझ्याकडं बघत नाहीत, टोपलीकडं बघून बोलतात.

तुम्ही येणार म्हणता तर या. अडवत नाही. पण मला न्यायला नाही, जेवायला या.

आमच्यावर डोळा ठेवा, प्रेमाचा.
तानूबाई


दहिवेल
२४ नोव्हेंबर २०२०

ती. वहिनींस,
चिंधाचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. वापीपर्यंत गाडीत जागा मिळाली नाही, पण तुम्ही बांधून दिलेल्या भाकऱ्यांनी शेजारचे दोघं माझे मित्र झाले.

एक गोष्ट तिथं बोललो नाही. येताना मी रिकामं पोतं आणलं होतं, तुमचं सामान भरायला. तुम्ही गेटवर होता म्हणून मी खोलीबाहेर पायरीवर बसलो. नवनाथराव आले, त्यांनी चहा आणला. आम्ही दोघं अर्धा तास बसलो आणि एक शब्द बोललो नाही, पण माणूस चांगला आहे हे मला कळलं. मग रोहिणी कंपनीतून आली, मला कुलूप काढून आत घेतलं, आणि म्हणाली की पाहुण्यांनी हात-पाय धुवा, आमच्या मावशी येतील आता. 'आमच्या' म्हणाली. मी पोतं घडी करून पिशवीच्या तळाशी घातलं.

गावात पारावर सगळं सांगून टाकलं. संजू उठून घरी गेला.

आता खरं काम. शैलजाला तुमच्याकडं आठ दिवस यायचं आहे. मी विचारलं का, तर सांगेना. फार विचारलं तर म्हणाली की तिच्या माहेरी आता कोणी राहिलं नाही, कुठं जाऊन बसावं असं घर नाही. एवढ्या वर्षांत हे मला सुचलं नव्हतं. तिनं मला तुम्हाला लिहायला सांगितलं, म्हणाली की जाऊबाईंना अडचण असेल तर राग नाही. तुम्ही थट्टा कराल म्हणून घाबरते. वहिनी, या वेळी तेवढी करू नका.

तुमचा आधार आहे म्हणून लिहिलं.
चिंधा


आमली, सिल्वासा
५ डिसेंबर २०२०

सौ. शैलजेस,
तानूबाईचे पोटभर आशीर्वाद.

तुझ्या नवऱ्यानं मला थट्टा करू नको असं लिहिलंय, म्हणून हे पत्र त्याला न लिहिता तुला लिहिते. एवढी वर्षं आपण एका घरच्या जावा आणि पहिलं पत्र आज. चूक दोघींची, वाटून घेऊ.

आठ दिवस कशाला, पोट भरेल तेवढं राहा. रोहिणीनं तुझ्यासाठी खिडकीजवळची जागा काढलीय, ऊन येतं तिथं. येताना काही आणू नकोस, रिकाम्या हातानं ये, माहेरी येतात तशी. काम सांगणार नाही. सकाळी कोणी उठवणार नाही.

आम्ही दोघी कामावर गेलो की तू एकटी असशील, भिऊ नकोस. आतून कडी लावून घे. ती जरा घट्ट आहे, आधी वर उचलायची आणि मग डावीकडं ओढायची. मलाही शिकायला वेळ लागला. इतकी वर्षं आतून लावायला दारच नव्हतं गं.

वाट बघते.
तुझी
तानू